मुळीचं नाव

नाशिक, ८ सप्टेंबर २००३

तीर्थरूप बाबांच्या पायांवर डोकं ठेवते.

सरिता वहिनी, बाबांना वाचून दाखवण्याआधी हे तू मनातल्या मनात शेवटपर्यंत वाच.

बाबा, मी बरी आहे. होस्टेलच्या जेवणाची आता सवय झाली.

तुम्ही खोकल्यावर देता ती मुळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासली. तिच्या आत जिवाणू राहतात आणि औषध तेच बनवतात. काचेच्या बशीत वाढवले, तर शेजारचे रोगजंतू मरायचे. सर खूश झाले.

मुळीचं नाव फोडलं की गुण जातो, असं तुम्ही बजावलं होतं. मी हसले आणि सरांना नाव सांगितलं. महिन्याभरात जिवाणूंनी औषध बनवणं सोडलं. आता नुसतेच वाढतात. सर म्हणतात, झाडाबाहेर काढल्यावर असं होतं. तेच खरं असणार. तरी मी रोज बशी पुन्हा उघडून बघते. तुमच्याकडच्या मुळीचाही गुण गेला असला तर?

चिमीला खोकला झाल्याचं कळलं. तुम्ही मुळी उगाळून दिलीच असेल.

वहिनी, तुझ्या चिमीचा खोकला थांबला असेल तरच हे बाबांना वाचून दाखव. थांबला नसेल, तर पत्र चुलीत घाल आणि तिला लगेच सुरगाण्याला डॉक्टरकडे ने.

तुमची,
मोहिनी