डोंगरावरच्या राखणदाराला गाऱ्हाणं

१० ऑक्टोबर, गुरु.
बाबांना पुन्हा तीच थाप. सायली कामासाठी टेक्ससला, प्रोजेक्ट लांबलाय. "बरा," म्हणाले आणि भाजी निवडत बसले. बायको घर सोडून गेली हे बापाला सांगायला एवढं काय जड जातं, देव जाणे. ते गावी परत जाईपर्यंत निभावलं की झालं.

१२ ऑक्टो., शनि.
सिअ‍ॅटलहून ड्राइव्ह करून बाबांना डोंगरावरच्या जपानी देवळात नेलं. धुकं. दारात दोन दगडी सिंह. पाटी वाचून सांगितलं, हे इथले राखणदार. बाबा खूश, आमच्या गावच्या देवालाही राखणदारच म्हणतात. "मगे आपलेच म्हणायचे!" कमानीपाशी बूट काढले, मी नको नको म्हणेपर्यंत ओल्या खडीवरून मोज्यांनी चालायलाही लागले.

आणि देवासमोर मोठ्याने गाऱ्हाणं! "बा देवा म्हाराजा, ह्या परमुलखात तूच राखणदार. माझी सून घर सोडून गेली हा. ज्याची चूक असात त्येका बुद्धी दी, आणि तिका सुखरूप घराक आण रे म्हाराजा!"

मी गारच. त्यांना सगळं ठाऊक होतं.

गाऱ्हाणं संपलं की सोबतच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. बाबा थांबले. जपानी पुजाऱ्याने मान लववली. मागचं कुटुंब फोटो सोडून बघत होतं. मी खाली बघत राहिलो. लाज वाटली.



१३, रवि.
"बाबा, कधी कळलं?"
"टूरवर जाताना कोण पोळपाट घेऊन जाता रे?"

२६, शनि.
बाबांना एअरपोर्टवर सोडलं. आत जाता जाता म्हणाले, "गाऱ्हाणा अर्धाच रवला." घर खायला उठतंय. दोन शब्द म्हटले असते तर काय बिघडलं असतं? लोक हसले असते. हसू दे की. चूक कोणाची, तेही मला माहितीय, पण...

५ नोव्हें., मंगळ.
सायलीचा फोन. वाटलं, वकिलाचं काहीतरी.
"बाबांचा फोन आला होता. फोनवर अख्खं गाऱ्हाणं घातलं रे त्यांनी. आणि एकदम थांबले."
"मग?"
"मग काय, म्हटलं मी, होय म्हाराजा. म्हातारा माणूस थांबला होता. कुणीतरी म्हणायला नको?"
"म्हणजे तू..."
"प्लीज, त्याचा काही अर्थ काढू नकोस."

नाही काढत. पण घर सोडून गेली तिला ते जमलं. मी बापाच्या शेजारी उभा होतो, मला जमलं नाही.