पाळीतला मुक्काम

सोम., ६ जाने.
पहाटे चारला चादर धुतली. हे उठायच्या आत दोरीवर. पाळीचा तिसरा दिवस. दोन पॅड एकावर एक, खाली जुन्या लुगड्याची घडी, त्याखाली प्लॅस्टिकची पिशवी. तरी मागून गेलंच. दोनला अलार्म, चारला अलार्म. शेहेचाळीस वय झालं, आणि शाळेतल्या पोरीसारखी अंधारात चाचपडत उठते.

काल स्नेहलचा फोन. सातवा लागलाय. बाळाची वार खाली आहे म्हणे, डॉक्टरांनी प्रवास बंद केला, झोपून राहायला सांगितलं. म्हणजे बाळंतपणाला माहेरी, इथे कोल्हापूरला येणं रद्द. "आई, मग तूच ये की नेसरीला. महिनाभर राहा."
मी म्हटलं, दुकानात स्टॉक मोजायचाय.
स्टॉक दिवाळीलाच मोजून झालाय.

बुध., ८ जाने.
पाळीचा जोर ओसरला. जांघेत कातडी सोलल्यासारखी. खोबरेल लावलं. चालताना आग.

खरं कारण निदान इथे तरी लिहिते. मागच्या वर्षी, स्नेहलच्या लग्नानंतर, पहिल्यांदा नेसरीला मुक्कामाला गेले होते. विहीणबाईंनी (सगळा गाव त्यांना अक्का म्हणतो) ठेवणीतली चादर घातली. पांढरी, कडेला स्वतः भरलेली निळी फुलं. तारखेच्या आठ दिवस आधीच पाळी आली. सकाळी बघते तर गादीपर्यंत. गादी उलटी केली, चादर न्हाणीत चोळून धुतली, आणि सांगितलं, तांब्या लवंडला. अक्का माझ्याकडे बघत होत्या. बोलल्या काही नाहीत.
तेव्हापासून नेसरीला गेले तर सकाळच्या गाडीने, आणि संध्याकाळच्या गाडीने परत.

शुक्र., १० जाने.
स्नेहल चिडली. "अक्का विचारत्यात, तुझ्या आईला आमच्यात काय कमी पडलं का. मी काय सांगू? तुला यायचंच नसंल तर सरळ सांग. मी बाईमाणूस लावून घेते."
लेकीच्या पोटातलं पहिलं बाळ, आणि ती बाईमाणूस लावणार.
फोन ठेवून बराच वेळ तशीच ओट्याजवळ उभी. भाजी करपली.

सोम., १३ जाने.
रेहानाने आज पकडलं. रेहाना चष्म्याच्या दुकानात मशीनवर डोळे तपासते, मी फ्रेमा बसवते. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण तोंड असं की गिऱ्हाईकसुद्धा दबकतं.
"सुनंदाताई, मागच्या आठवड्यात तुम्ही चार दिवस स्टुलावर बसला न्हाईसा. आणि पापण्या खाली ओढून बघा आरशात. पांढऱ्याफेक हायत. डोळं बघायचाच माझा धंदा हाय."
मग सांगितलं सगळं. दोन पॅड, पिशवी, अलार्म, चादर. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "परवा सुट्टी काढा. मी येते बरोबर."

बुध., १५ जाने.
डॉक्टरबाई. साठीच्या, सावकाश बोलणाऱ्या.
"रात्री पॅड किती वेळ पुरतो?"
दोन तास. कधी तेवढाही नाही. गाठी पडतात.
"किती महिने झाले?"
सात-आठ.
"आणि आज आलात."
ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

हिमोग्लोबिन आठच्या खाली. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ, लिंबाएवढी. साधीच दिसते म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या रोज, रक्तस्राव कमी करायच्या गोळ्या पाळीच्या दिवसांत. पुढची पाळी झाली की परत यायचं. गाठ काढायची, पिशवीच काढायची, की काहीच न करता लक्ष ठेवायचं, ते तेव्हा बघू.

मी धीर करून विचारलं, तोवर रात्री काय लावू?
त्यांनी कागद घेऊन चित्रच काढलं. एकावर एक दोन लावून काही होत नाही. वरचा भरला की बाजूने वाहतं, आणि मधे घाम धरून कातडी सोलते. प्लॅस्टिक तर नकोच. एकच लावा, पण रात्रीचा, लांब, मागे पसरट. जास्त असेल त्या रात्री पँटसारखा येतो तो घाला. झोपायच्या अगदी आधी नवा, उठल्या उठल्या बदल. सहा-आठ तासांच्या वर कुठलाच ठेवायचा नाही. वासाचे घेऊ नका.
"आणि तासा-दोन तासाला भरायला लागला तर दुसरा मोठा पॅड शोधत बसायचं नाही. ते काम पॅडचं न्हवं, माझं."

बाहेर आल्यावर रिक्षात रडू आलं. गाठीचं नाही. इतकी वर्षं कुणी चित्र काढून सांगितलं नव्हतं, त्याचं.

रवि., १९ जाने.
काल मेडिकलमध्ये. पोऱ्याने सवयीने कागदात गुंडाळायला घेतलं, रेहाना म्हणाली, "र्‍हाऊ दे रे, आधी बघू तर दे." तिथेच काउंटरवर पाकिटं मांडून लांबी-रुंदी वाचत बसली. मी रस्त्याकडे बघत.
तीन प्रकार आणले. शिवाय रेहाना स्वतः पॅडऐवजी आत बसवायचा कप वापरते, तो कसा ते तिने समजावलं. एक घेतलाही. घरी दोनदा करून बघितलं. नाही जमलं. डब्यात ठेवला. बळजबरी कशाला.

आज दुपारी हे बाहेर गेलेत असं समजून ओट्यावर परीक्षा. गार झालेला चहा पेल्याने मोजून प्रत्येकावर ओतला, पाच मिनिटं थांबून वर टिपकागद दाबला. पहिला आमचा नेहमीचा, एका पेल्यात कडेने गळाला. दुसऱ्याच्या वर जाळी प्लॅस्टिकसारखी, हाताला टोचते. तिसरा लांबडा, सुती. दीड पेला प्याला, कागद जवळजवळ कोरडा. पँटवाला तर दोन पेले. इतका आनंद झाला की एकटीच हसले.

मागे हे उभे. "चहाचं काय चाललंय गं?"
आता लपवायला जागाच नव्हती. सांगितलं. हे फौंड्रीत तीस वर्षं भट्टीसमोर काढलेले, बोलायचं म्हणजे मोजून. खुर्चीवर बसले.
"म्हंजे रात्रीचा अलार्म नळाच्या पाण्याचा नव्हता?"
नाही.
"मी म्हणायचो, बाई काय पाण्याच्या मागं लागलीय. टाकी तर भरलेली असतीया."
मग टिपकागद उचलून बोटाने चाचपला. शेवटी, "त्यो लांबडा चांगला दिसतोय. कागद कोरडा हाय."
सत्तावीस वर्षांच्या संसारात या विषयावर आमचं पहिलं बोलणं. आणि ते बरोबर बोलले.

मंगळ., २८ जाने.
आली. गोळी सुरू. संध्याकाळपर्यंत तीन पॅड. एरवी सहा तरी लागले असते.

बुध., २९ जाने.
रात्री साडेदहाला लांबडा लावून पडले. अलार्म लावला होता. यांनी बंद केला म्हणे. जाग आली ती पाच वीसला, दूधवाल्याच्या गाडीने. आधी हात मागे गेला. कोरडं.
पाळीत किती महिन्यांनी सलग झोप. तोंड धुताना आरशात स्वतःला ओळख दिली.

गुरु., ३० जाने.
दुपारी दुकानात जावई अमोल यांचा फोन. "मामी, घाबरू नका, पण स्नेहलला थोडं अंगावर गेलंय. गडहिंग्लजला दवाखान्यात आणलंय. ती तुमचंच नाव घेतीया."
आज तिसरा दिवस. माझा सगळ्यात वाईट.
रेहानाने माझ्या हातातली फ्रेम काढून घेतली. "जावा. घरी येऊन पिशवी मी भरून देते."
पिशवीत दोन साड्या, गोळ्या, लांबडे एक पाकीट, पँटवाले चार. यांनी स्टँडवर सोडलं. गाडीत तीन तास खिडकीला डोकं टेकून नुसती देवाची नावं.

दवाखान्यात स्नेहल पांढरी पडलेली. बाळाचे ठोके नीट आहेत, रक्त थांबलंय, आता घरी न्या, पण पलंगावरून उतरायचं नाही, डॉक्टर म्हणाले.
माझा हात धरून म्हणाली, "आई, एवढंसं गेलं तरी मी किती घाबरले गं."
मी म्हटलं, मलाही रक्ताची भीती वाटते. आपण दोघी घाबरू, चालतंय.

शुक्र., ३१ जाने. नेसरी.
अक्कांनी स्नेहलच्या पलंगाशेजारी माझं अंथरूण घातलं होतं. तीच पांढरी चादर, तीच निळी फुलं. दुसरी द्या म्हणणार होते, मग तीच नीट पसरली. पँटवाला घातला. तीनला स्नेहलला पाणी द्यायला उठले, तेव्हाच बदलला. परत झोप.
सकाळी चादर झटकली. पांढरी. फुलं जागच्या जागी. अशी निवांत मी कुणाच्या घरी शेवटचं कधी उठले होते?

शनि., १ फेब्रु.
अक्का म्हशीची धार काढत होत्या, मी बादली धरायला गेले. मीच विषय काढला. म्हटलं, अक्का, मागच्या वर्षी तांब्या लवंडला नव्हता.
"ठावं हाय की." धार थांबली नाही. "तुमची गाडी गेल्यावर गादी मीच उन्हात टाकली. बोलले न्हाई, तुमास्नी अवघड वाटंल म्हणून. पर तुम्ही त्यावरनं यायचंच सोडलंसा. तवा वाटलं, गप बसून मीच चुकले व्हय काय की."
मग मीच गाठीचं सांगितलं, गोळ्यांचं, डॉक्टरबाईंच्या चित्राचं.
त्या बादलीत बघत म्हणाल्या, "माझी तर पिशवीच काढली. अडतिसाव्या वर्षी. तुमच्यासारखंच जायाचं. दवाखान्यात म्हणाले, काढून टाका, कटकट मिटंल. सासरे म्हणाले काढा. मी म्हटलं काढा. तवापास्नं कंबर न्हाई, झोप न्हाई, अंगातनं वाफा." आणि मग, "तुमच्या डागदरनी चित्र काढून सांगिटलं म्हणतासा?"

बुध., ५ फेब्रु.
पाळी पाच दिवसांत उरकली. एरवी नऊ. कातडी भरून आली.
स्नेहलचं रक्त परत गेलेलं नाही. बाळ लाथा मारतंय. दिवसभर उशाशी बसून तिच्या डोक्याला तेल, तिची बडबड. दुकानाची रजा वाढवली.

रवि., ९ फेब्रु.
उद्या कोल्हापूरला डॉक्टरबाईंची वेळ आहे. गाठीचं काय ते ठरेल. की पुन्हा थांबायला सांगतील. काढा म्हणाल्या तर? स्नेहलचे दिवस भरत आले असताना मी दवाखान्यात पडायचं का? विचारायचे प्रश्न कागदावर उतरवत होते. पाच झाले.
अक्का शेजारी येऊन बसल्या. कागदाकडे बघत राहिल्या. वाचता येतं त्यांना, पण हळू.
"उद्या मीबी येऊ काय तुमच्यासंगं?"
म्हटलं, अक्का, स्नेहल?
"अमोलनं रजा टाकलीया. मीच सांगिटलं टाकायला." पदराने हात पुसले. "सतरा वर्षं झाली माझी पिशवी काढून. काढायलाच लागत हुती का न्हाई, एवढंच इचारायचंय. आता काय हुतंय इचारून, ठावं हाय मला. पर इचारतो."
मी पेन त्यांच्यापुढे केलं. सहावा प्रश्न त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. पाच मिनिटं लागली.