यांच्या गाडीतला पिवळा दिवा

मंगळवार, संध्याकाळ

आधी मुग्धाच आली, नातजावई मागून. किती दिवसांनी! शिऱ्यात बेदाणे जरा जास्तच पडले आनंदानं. पण आले होते यांच्या गाडीसाठी. पीयूसीत नापास झाली ना. आता पास झाली नाही तर सुधीर विकणार. पोटचाच मुलगा, पण त्याला पार्किंग हवंय.

नातजावयांनी वायर जोडून मोबाइलवर बघितलं. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर काजळीनं माखलाय, म्हणून तो पिवळा दिवा.

"आजी, गाडी चालवतं कोण?" त्यांनी विचारलं.

मी सांगूनच टाकलं, कोण चालवणार? हे गेल्यापासून रोज अंघोळ झाली की मी किल्ली फिरवते, यांच्यासारखीच, आणि सरकून शेजारच्या सीटवर बसते. डोळे मिटले की हे स्टिअरिंगवर असतात. उघडले की नुसता पिवळा दिवा.

"जागच्या जागी चालू ठेवूनच काजळी धरली गं," मुग्धा हसली. "आजोबांना सांग, लांब चक्कर मारा!"

मीही हसले.

नवा सेन्सर बसवून वाघोलीपर्यंत पळवणार, मग पीयूसी. तोवर किल्लीला हात लावायचा नाही. उद्या सकाळी हे खाली वाट बघतील, त्यांना काय सांगू? सांगेन, पोरं गुरुवारी येतो म्हणालीत.