नऊ पावलं जास्त

३ मार्च

चि. मास्तरास अनेक आशीर्वाद.

आपल्या दोघांच्या जुन्या गाड्यांत सरस कुठली, हे तू विचारलंस. मी चौथीतच शाळा सोडली, पण एवढं गणित मला येतं. तुझी मोठी पंधराशे सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला. माझी धाकटी अकराशे, दांडा खाली. दोन्ही एकाच कारखान्याच्या. चढावर तुझी पुढे जाईल, कबूल.

पण नातीला घेऊन घाट उतरणार म्हणतोस, ते वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. आधी साठच्या वेगात ब्रेक मारून बघ आणि गाडी थांबेपर्यंतचं अंतर पावलांनी मोज. माझी चौतीस भरली. लगेच कळव. तुझी वहिनी म्हणते, म्हातारा गाड्यांपायी खुळावला.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून,
दादा

९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

पावलं त्रेचाळीस. तुझ्यापेक्षा नऊ जास्त. झालं समाधान? जड अंगाची आहे, थांबायला वेळ घेणारच. तुला खुर्चीतून उठायला कमी लागतो का? बाकी माझी ताशी एकशे दहा सहज जाते. तुझीला नव्वदलाच कापरं भरतं. तेव्हा जिंकलो मीच.

सोळाला सकाळी निघतो. नातीने आतापासून पुढची सीट अडवून ठेवली आहे. वहिनींस नमस्कार.

तुझा,
मास्तर

१२ मार्च

चि. मास्तरास आशीर्वाद.

जड आहे म्हणून नाही रे. एकतीस वर्षांपूर्वी तू गाडी आठ दिवस माझ्या गॅरेजात ठेवली होतीस. तेव्हा तुझ्या वहिनीला नववा महिना होता, आणि दवाखाना उताराच्या तळाशी. मी तुझ्या पुढच्या चाकांतले, गाडी लवकर थांबवणारे रुंद ब्रेक-ड्रम काढून माझ्या गाडीला लावले आणि माझे अरुंद तुझ्या गाडीला. बाळंतपण झालं की बदलू म्हटलं. त्याआधीच तू गाडी घेऊन गेलास. तुझ्याकडे सगळे रस्ते सपाट, म्हणून आजवर निभावलं. दर पत्रात हे लिहायला बसायचो आणि हवापाणी लिहून पाकीट बंद करायचो.

घाट उतरू नकोस. तुझे ड्रम आणि हे पत्र ओळखीच्या बस-ड्रायव्हरच्या हाती देतो आहे, पोस्टावर भरवसा नाही. माझी गाडी विटांवर उभी आहे. मिळाल्याचं कळेपर्यंत मला घास जायचा नाही. काय बोलायचं ते मला बोल, पण जाऊ नकोस.

तुझा अपराधी,
दादा

१५ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

ड्रम मिळाले. गाडी घरीच आहे. इंजिन तापतं असं नातीला सांगितलं, ती रुसून बसली आहे. म्हणजे आता खोटं बोलणारे आपण दोघं झालो.

राग आला आहे, लपवत नाही. ड्रम काढलेस त्याचा नाही. वहिनींसाठी मागितले असतेस, तर मी नाही म्हटलं असतं असं तुला वाटलं, त्याचा.

इथला मेकॅनिक बसवून देतो म्हणाला, मी त्याला परत पाठवलं. ज्याने काढले त्यानेच येऊन बसवायचे. रविवारच्या बसने ये, वहिनींना घेऊन. जेवून निघ.

लोभ आहे. वाढवायचा की नाही, ते तू आल्यावर ठरवू.

मास्तर