थीर पाणी

मंगळवार, संध्याकाळ. विसरवाडी

मी असल्या गोष्टी मानत नाही, हे आधी लिहून ठेवतो.

अंगणात चार विटांवर जुनं घमेलं ठेवून पाखरांसाठी पाणी भरायला नानांनीच, माझ्या वडिलांनी, सुरुवात केली. त्यात तरंगता सोलर पंप मी आणून सोडला. ऊन पडलं की कारंजं उडायचं. मला फार कौतुक. नाना खाटेवरून म्हणायचे, "पानी उडस तं पाखरू बिचकस रे. त्याले थीर पानी जोयजे." एकदा मी खेकसलो, "नाना, तुमले काय समजस यान्हामा?" मग ते त्यावर कधी बोललेच नाहीत. महिन्याभरात गेले.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मायला सांभाळीन म्हटलं, बहिणीला अंतर देणार नाही म्हटलं. कावळे झाडावरच. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

आज शाळेतून आलो तर निंबाची सावली पंपावर आलेली, कारंजं बंद. घमेल्यात थीर पाणी आणि काठावर एक कावळा, सावकाश पीत होता. मला पाहूनही हलला नाही. वाऱ्याने फांदी सरली, ऊन पडलं, कारंजं उसळलं, तसा बिचकून उडाला.

दहाव्याला सगळं बोललो. हे थीर पाण्याचं एवढंच कसं राहिलं? की आठवत असूनही टाळलं?

मी पंप उचलून बाहेर टाकला. पाणी हलायचं थांबेपर्यंत उभा राहिलो. मग मोठ्याने म्हणालो, "नाना, थीर शे आते पानी."

माय मागे दारातच उभी होती. म्हणाली, "आते सांगी ऱ्हायना तू, नाना गयात मंग?"