माळेतला चपटा मणी

प्रिय भिंगरी,

तुझी माळ पोचली. फोनवर छान आहे म्हणाले, ते जावईबापू ऐकत होते म्हणून. हल्ली तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि विचारावं तुला, तर उत्तर त्यांचं येतं. तब्येत कशी आहे, तर म्हणे मजेत. तुझ्या तब्येतीचं तुला काही सांगायचं नसतं का गं? तुझे बाबा मला फौजदार म्हणायचे ते उगाच नाही. अशा गोष्टी मला खुपतात.

इकडे मागच्या खोलीत काम चालू आहे. गरम पाणी, साबण आणि दिवसभर तळहातांत लोकर घोळवून फेल्टचे मणी वळायचे. नवा लोकरवाला फारच गोड बोलतो, म्हणून त्याच्या प्रत्येक पोत्यातली चिमूटभर लोकर मी काडी लावून बघते. हसलीस ना? शेजारणीनं भेट दिलेल्या शालीची दशी मी तिच्यादेखत जाळली होती आणि तू लाजून पडद्यामागे लपली होतीस. पण त्यातच तुझंही नाक तयार झालं. जळलेल्या केसांसारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, की खरी लोकर. वितळून टणक गोळी झाली, की प्लास्टिक. तुला तर काडीही लागायची नाही, डोळे बांधले तरी नुसता हात लावून सांगायचीस.

तर तुझी माळ, जावईबापू तुझ्या नावानं विकतात त्यांतलीच. सोबतच्या कार्डावर तुझं नाव, तुझा फोटो आणि मजकूर काय, तर शुद्ध लोकर, जुनी झाली की मातीत पुरा, खत होईल. आपल्या मण्यांचं होतंच तसं. कुंडीत पुरलेले तुकडे मागे शोधायला गेले तर हाताला काही लागलं नाही. पण हे मणी बघितले आणि मनात पाल चुकचुकली. सगळे अगदी एकसारखे गोल. हातानं वळलेले मणी भावंडांसारखे दिसतात, जुळ्यांसारखे नाही. एक कापून काडी लावली, वितळला. दुसराही वितळला. आधी संताप आला तो जावईबापूंचा. लोकांना फसवायचं आणि वर नाव माझ्या पोरीचं! मग, खोटं कशाला बोलू, तुझाही आला. तुझ्या हाताला हे कळलं नसेल, हे कुणी शपथेवर सांगितलं तरी मला पटणार नाही. कळूनही गप्प बसलीस? की तूही त्यात सामील? जेवताना, भांडी घासताना हेच डोक्यात. पोटच्या पोरीवर संशय घेणं फार वाईट गं.

काल माळ परत पाठवायला गुंडाळत होते, तेव्हा माळ अडकवायच्या फाशाजवळचा मणी दिसला. न रंगवलेला, करडा, एका बाजूनं चपटा. लहानपणी तुझं बोट दारात चेंगरलं, तेव्हापासून तुझा प्रत्येक मणी असाच बसतो. लोकरही मी गेल्या खेपेला पाठवलेली. त्यातली चिमूटभर उपटून जाळली. घरभर जळलेल्या केसांचा वास सुटला आणि मी माळेवरचा कागद काढून टाकला.

भिंगरे, असा मणी चुकून ओवला जात नाही. आई माळ जाळून बघणार, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तोंडानं सांगता येत नाही, म्हणून पाठवलीस ना? हे पत्र न धुतलेल्या लोकरीच्या पिशवीत तळाशी घालतेय. त्या वासानं जावईबापूंना शिंका येतात, ते हात घालायचे नाहीत. वाचून जाळून टाक. फोनवर मी एवढंच विचारीन, की लोकर कशी निघाली. मऊ म्हणालीस, तर समजेन की आईला नसत्या शंका येतात, आणि आनंदानं गप्प बसेन. खरखरीत म्हणालीस, तर एक अक्षर विचारणार नाही, तुला घरी आणायला येईन. आणि तुझ्याऐवजी उत्तर त्यांनी दिलं, तर फोन ठेवून त्याच पावली निघेन.

तुझीच,
फौजदार आई