चौथं नाव

लोहारा, यवतमाळ
सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६

प्रिय रुपाली,

काकूंचा डोळा आता कसा आहे? पट्टी निघाली का? थेंब दिवसातून चार वेळा टाकायचे, आणि दोन बाटल्यांच्या मध्ये पाच मिनिटं तरी जाऊ द्यायची. हे मी फोनवर सांगितलं आहे, माहीत आहे. शुक्रवारपासून तुला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा थेंबांचं विचारून ठेवून दिला. जे बोलायचं होतं ते राहिलंच. म्हणून पत्र लिहिते आहे. हातात मोबाइल असताना पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मध्येच काहीतरी बोलतेस, आणि तू बोललीस की मला थांबायला निमित्त मिळतं.

इकडे सगळं ठीक आहे. तुझ्या खाटेवर विमलताईंनी त्यांच्या गाद्या रचून ठेवल्या आहेत. मी म्हटलं, रुपाली आठ दिवसांत येईल. घरमालकीणच त्या, म्हणाल्या, "ते येईन तवा मी उचलीन." काकूंच्या ऑपरेशनच्या कागदाचा फोटो पाठव, तुझ्या हजेरीचं मी ऑफिसात बोलून ठेवलं आहे.

आईला फोनवर सांगितलं की नागपूरला केस कॉम्पिटिशनसाठी जायचं आहे. तिनं विचारलं, "कोणावर केस टाकली वं?" मी समजावलं, एखाद्या कंपनीची खरी अडचण आपल्याला देतात, चौघांनी मिळून तोडगा काढायचा आणि परीक्षकांपुढे वीस मिनिटांत मांडायचा. ती शाळेची खिचडी ढवळत होती. म्हणाली, "मंग त्या कंपनीतले लोकं काय करते?"

मी खूप थकले आहे, रुपाली. अभ्यासानं नाही. काम तर हल्ली काहीच होत नाही. एकच फॉर्म उघडते, त्यातल्या तीन नावांकडे पाहते, आणि बंद करते.

नयनला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला, हे तुला माहीत आहे. आमच्या टीममध्ये चौथी जागा रिकामी आहे. अंतिम फेरी २८ तारखेला आहे, आणि चौथं नाव या शनिवारी पाच वाजेपर्यंत जायला हवं. गोपालनं तुला विचारलं, समीक्षानं विचारलं, मी विचारलं. तू नाही म्हणालीस. काय म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ झालं आहे. "नको वं. चिठ्ठीत माहं नाव तुमच्यात निघालं असतं तर आलीच असती. नाही निघालं ना, मंग आता मागच्या दारानं कायले घुसू? पोट्टे म्हणतीन, रूममेट कॅप्टन हाये म्हणून घेतली." आणि मग मलाच समजावल्यासारखं म्हणालीस, "तुह्या हातानं निघालं नाही म्हंजे माह्या नशिबातच नव्हतं."

तू काय सोडते आहेस ते तुलाही कळतं. अंतिम फेरीतल्या प्रत्येकाची दोन कंपन्या तिथंच मुलाखत घेणार आहेत. आपल्या कॉलेजात कंपन्या येत नाहीत. तुझा राजकुमारदादा एप्रिलपासून तुला त्याच्या बियाण्यांच्या दुकानात बसवणार आहे, आणि तुला तिथं बसायचं नाही, हे या खोलीत मी रोज ऐकलं आहे. तरी तू नाही म्हणालीस, कारण ऑक्टोबरमध्ये चिठ्ठ्या निघाल्या तशा निघाल्या, आणि त्या खऱ्या होत्या असं तू मानतेस.

त्या दुपारचंच लिहायचं आहे. तुला सगळं आठवत असेल, तरी क्रमानं लिहिते, नाहीतर मी पुन्हा थेंबांकडे वळेन.

पहिल्या वर्षी स्पर्धेच्या टीम आपापल्या मर्जीनं झाल्या होत्या. इंग्रजी बोलणारे एकीकडे गेले, स्वतःची गाडी असलेले एकीकडे, आणि खेड्यांतून एसटीनं येणाऱ्यांपैकी पाच-सहा जण उरले. त्यांना कोणी घेईना. धर्मपाल तर दोन दिवस उगाच प्रत्येक घोळक्याजवळ जाऊन उभा राहायचा, कोणी 'ये' म्हणेल म्हणून. ते पाहून राठोड सरांनी या वर्षी ठरवलं, चिठ्ठ्या टाकायच्या. सहा कॅप्टन, बाकीची अठरा नावं डब्यात, प्रत्येक कॅप्टनसाठी तीन काढायची. चिठ्ठ्या लिहायच्या कोणी आणि काढायच्या कोणी, यावर वाद होईल असं सरांना वाटलं होतं. झाला नाही. सगळ्यांनी माझं नाव घेतलं. मी स्वतः एक कॅप्टन होते, तरी कोणाला काही वाटलं नाही. विक्की म्हणाला, "ते तर सोताची वही बी विचारून उघडते."

लोक मलाच का सांगतात ते तुला ठाऊक आहे. आमच्या घरात शिकलेली मी पहिली. आठवीपासून गल्लीतल्या सगळ्यांचे फॉर्म मी भरते, रेशन कार्डाचे, शिष्यवृत्तीचे, निराधारचे. बाजार समितीत पोती उचलून आलेले बाबा दारात बसायचे आणि मी लिहिताना बघायचे. एकदा म्हणाले होते, "त्याईले वाचता येत नाही. तू जे वाचून दाखवशीन तेच कागदावर हाये असं ते समजते. ध्यान ठेव." मी ध्यान ठेवलं. एका म्हातारीचं वय अंदाजानं लिहायला लागलं तरी मला दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

माझ्या टीमची तीन नावं काढली तेव्हा तुझी चिठ्ठी डब्यात नव्हती. माझ्या डाव्या मुठीत होती.

एवढं लिहून मी उठले, भांडी घासली, आणि परत बसले आहे.

गोपाल, समीक्षा, नयन, अशी तीन नावं निघाली. पुढच्या टीमसाठी डबा हलवताना मी हात आत घातला आणि मूठ सोडली. तुझं नाव विक्कीच्या टीमला निघालं. तू मागच्या बाकावरून म्हणालीस, "गेलं माहं वर्ष," आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले.

असं का केलं याचं एक कारण माझ्याजवळ होतं. आपण दोघी एका गावच्या, एका खोलीतल्या. मीच चिठ्ठ्या काढणार आणि तू माझ्याच टीममध्ये निघणार, मग कोणीही म्हणालं असतं की मी घडवून आणलं. माझ्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून मी लबाडी केली. हे वाचताना तुला विचित्र वाटेल, पण चार महिने मी स्वतःला हेच सांगत होते, आणि त्यात थोडं खरंही आहे. तुला फोनवर एवढंच सांगायचं आणि सुटायचं, असंही मनात होतं. पण ते अर्धंच झालं असतं.

पहिल्या वर्षीचा पहिला आठवडा आठवतो का? नागपूरहून पाहुण्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी ओळख करून द्यायला सांगितली. तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी रुपाली, महागावची. अन् हे प्रेरणा, आमी एकाच गल्लीतल्या हावो." मॅडम हसल्या. वाईट हेतूनं नव्हत्या हसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे तूही असंच बोलतेस का?" वर्ग हसला. तू सगळ्यांत मोठ्यानं हसलीस, तुला ते लागलंच नाही. मला लागलं. त्या दिवसापासून मी 'मले' सोडलं, 'काहून' सोडलं, 'करून राह्यली' सोडलं. आरशासमोर बोलून बघितलं. तू खोलीत विचारायचीस, "काय बडबडून राह्यली वं?" आणि मी म्हणायचे, प्रेझेंटेशन.

आता कोणी ऐकलं तर मी कुठली ते लगेच कळत नाही. पण तू शेजारी उभी राहून बोललीस की कळतं. तू बोलतेस तेव्हा मी ऐकू येते. परीक्षकांसमोर मला ते नको होतं. मूठ त्यासाठी मिटली होती.

आणि पुढचंही लिहिते, कारण ते मी पाहिलं आहे. विक्की आणि तुमच्या टीममधले बाकीचे दोघं एकाही बैठकीला आले नाहीत. तू एकटीनं सगळं केलंस. कॉलेजच्या फेरीत डाळ मिलची केस होती, मिल जास्त भाव देते तरी शेतकरी तूर व्यापाऱ्याला का विकतात. तू उभी राहून म्हणालीस, व्यापारी वावराच्या धुऱ्यावर, थेट बांधावर येऊन माल नेतो, मिलमध्ये नेला तर अख्खा दिवस रांगेत जातो. "मिलवाल्यानं भाव नाही वाढवाचा, रांग कमी कराची." परीक्षकांनी पुढचे प्रश्न तुझ्या टीममधल्या बाकीच्यांना विचारले आणि ते तिघं जमिनीकडे बघत राहिले. तुमचा नंबर पाचवा आला. आम्ही एक ॲप दाखवलं होतं. त्यात शेतकरी तुरीचा फोटो टाकणार होते. आमचा पहिला आला. तू बोलत होतीस तेव्हाच मला कळलं होतं की उत्तर तुझंच बरोबर आहे. मी काही बोलले नाही. तू येऊन माझी पाठ थोपटलीस, आणि परतताना ऑटोत म्हणालीस की ॲपचा रंग भारी होता.

आज सकाळी मी राठोड सरांना सगळं सांगितलं. ते हजेरीपट भरत होते. पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "झालं ते झालं. आता वर्गात सांगून सगळ्या टीम मोडायच्या का? मी करतो रुपालीला फोन. माझा शब्द ती मोडणार नाही." मी बरं म्हणाले. जिना उतरले. अर्ध्यावर आल्यावर लक्षात आलं की सरांनी फोन केला तर तू येशील, खरंच येशील, आणि मला तुला कधीच काही सांगावं लागणार नाही. फार मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं. ते बरं वाटलेलंच मला सहन झालं नाही. परत वर गेले आणि म्हटलं, सर, शनिवारपर्यंत तिला फोन करू नका. ते म्हणाले, "तू स्वतःला फार त्रास देतेस." असेलही. पण यात त्रास तुला झाला होता.

मग कॅन्टीनमध्ये गोपाल आणि समीक्षाला सांगितलं. गोपालनं चहा तसाच ठेवला आणि म्हणाला, "म्हंजे आमी नशिबानं आलो, अन् ते बिचारी हातानं गेली." तो असंच बोलतो, रागावलेला नव्हता. समीक्षा माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "माझं नाव तरी खरंच निघालं होतं ना?" मी हो म्हटलं. तिनं मान हलवली. पण तिचा विश्वास बसला की नाही ते मला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायला मला तोंड नव्हतं.

आता शनिवारचं.

माझं नाव काढून तिथं तुझं लिहावं, असं पहिल्यांदा मनात आलं. लिहिलंही होतं. मग पुसलं. तुला न विचारता तुझ्याबद्दल मी एकदा ठरवलं आहे, ते पुन्हा करायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं आहे. मलाही ती मुलाखत हवी आहे. ते लपवून मोठेपणा केला असता तर अजून एक खोटं वाढलं असतं.

तुझं नाव चिठ्ठीत आमच्या टीमला निघालं असतं की नसतं, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ते निघालं नाही, असं यापुढे म्हणू नकोस. त्याला निघायची संधीच मी दिली नाही. मागच्या दारानं घुसणं वगैरे यात काही नाही. दार मी लावलं होतं.

फॉर्म समीक्षाकडे दिला आहे. यायचं असेल तर शनिवारी पाचच्या आत तिला कळव. यायचं आहे पण प्रेरणा नको, असं वाटलं तर तेही तिलाच सांग. माझं नाव खोडायला हरकत नाही असं मी तिला सहीनिशी लिहून दिलं आहे, आणि मग चौथं कोण ते तुम्ही ठरवा. तू नाही आलीस तरी टीम अडणार नाही, विक्की तयार आहे. तेव्हा आमच्यासाठी म्हणून येऊ नकोस. माझ्यावर दया म्हणूनही नको. तू तशी आहेस, म्हणून लिहून ठेवते.

वर्गाला मी तू ठरवल्यावर सांगणार आहे. आधी सांगितलं असतं तर तुला दुसऱ्याच्या तोंडून कळलं असतं.

मला फोन केलास तर मी उचलेन. थेंबांचं विचारणार नाही. शिव्या द्यायच्या असतील तर आपल्या बोलीत दे. मला सगळ्या कळतील.

काकूंना नमस्कार सांग. त्यांना हे वाचून दाखवायचं असेल तर दाखव, आणि जे लिहिलं आहे तेच वाच.

तुला बाहेर ठेवणारी,
प्रेरणा